जरा उशिरा

गाडीत नवा टर्बो बसवल्यापासून शेजारच्या सीटवर बसून काय करावं, हेच सुलक्षणाला कळत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा सीटचा पट्टा ताणून बघत होती.

जुना टर्बो सुस्त होता. ॲक्सिलरेटर दाबला की जोर यायला अंमळ वेळ लागायचा. म्हणून वळण संपायच्या आधीच ती "दाब" म्हणायची, धाकटा भाऊ इंद्रजित दाबायचा आणि रस्ता सरळ झाला की गाडी सुसाट सुटायची. घरातल्या मोटार रॅलीच्या सगळ्या ढाली त्या एका शब्दावर आल्या होत्या.

"हा लगेच जोर धरतो, अक्का," आज सरावाला निघताना तो म्हणाला होता. "आता तू सांगायची गरज नाही."

पहिली दोन वळणं तिने ओठ घट्ट मिटून काढली. तिसऱ्याला मात्र शब्द तोंडातून निसटलाच. "दाब."

गाडी वळणातच झेपावली आणि थेट उसात घुसली.

इंजिन बंद पडलं. "नको म्हणाला होतास ना? मग ऐकलंस कशाला?" ती पट्टा सोडवत म्हणाली.

इंद्रजित स्वतःच्या पायाकडे बघत होता.

"तू म्हणालीस की पाय जातोच," तो म्हणाला. "उद्या शर्यतीत जरा उशिरा म्हण."