कडू पाण्याचा गुण

याजकाने मंदिरातली चिमूटभर धूळ पाण्यात कालवली, चर्मपत्रावर लिहिलेले शाप त्यातच धुऊन टाकले आणि पेला मीखलच्या हाती दिला. "वाकडं पाऊल पडलं असेल, तर पोट फुगेल," त्याने तिला बजावले.

तिचा नवरा हनानेल छाती काढून उभा होता. बायको कुंभाराशी हसून बोलली, एवढ्यावरून त्याने तिला इथे ओढत आणले होते. अर्पणाचे सातूचे पीठसुद्धा तिच्याकडूनच दळून घेतले होते.

"आणि नवऱ्याचंच पाऊल वाकडं पडलं असेल, तर या पाण्याचा गुण येत नाही," याजक पुढे म्हणाला. "शास्त्रच आहे तसं."

हनानेलला दरदरून घाम फुटला. बघायला जमलेल्या बायकांत विणकराची विधवा खाली मान घालून उभी होती. "राहू द्या," तो घाईने म्हणाला. "माझा विश्वास आहे हिच्यावर."

मीखलने पेला एका दमात रिकामा केला. पोट होते तसेच राहिले. बायका मात्र तिच्याकडे नाही, हनानेलकडे बघू लागल्या.

"चला घरी," ती त्याला म्हणाली. "पीठ संपलंय. आजपासून जात्यावर तुम्ही बसा."