गुलाबदाणीतलं निवांत

वैजयंतीच्या हळदीकुंकवाला यंदा गुलाबपाणी नव्हतंच. गुलाबदाणीत तिने 'निवांत' भरलं होतं, प्रयोगशाळेत घडवलेलं नवं शामक. अंगावर चार थेंब पडले की काळज्या म्हातारीच्या कापसासारख्या तरंगत निघून जात. निवांतची पट्टी तर सगळ्याच बायकांच्या मनगटावर असे. गेल्या तीन वर्षांत तिच्याशिवाय कुणाचा डोळा लागला नव्हता. पट्टी असताना वरून आणखी शिंपडायचं नसतं, हे पाहुणचाराच्या भरात वैजयंती साफ विसरली.

दुपारचं ऊन जाजमावर मधासारखं पसरलं होतं. शेजारच्या थकलेल्या इंदुमावशी लोडाला टेकल्या आणि त्यांचे ओठ हळूहळू जांभळे होऊ लागले.

"मावशींचा श्वास थांबत चाललाय गं," कुणीतरी गोड आवाजात म्हणालं.

"हो गं, दिसतंय," वैजयंती म्हणाली.

आता घाबरायला हवं, धावायला हवं, हे तिला कळत होतं. पण घाबरतात कसं, तेच आठवेना. तिने मनगटावरची पट्टी हलकेच सोलून काढली. पट्टी निघाल्यावर भीती परतायला तासभर लागे. मावशींचा गार होत चाललेला हात हातात घेऊन ती भीतीची वाट पाहत बसली.