दुखरी जागा

“दुखतंय?”

“नाय.”

शुभांगीने यंत्राचं तोंड टाचेवर दोन मिलिमीटर पुढे सरकवलं. टक्, टक्, टक्, टक्. सेकंदाला चार ठोके.

“आता?”

“नाय बाई. तू कर तुझं.”

भागुबाई पालथी झोपली होती. मान दाराकडे वळवलेली. तिच्या भेगाळलेल्या टाचेवर जेल चकाकत होतं. शुभांगीने तक्त्यात लिहिलं : वेदना, शून्य. याआधीच्या पाच खेपांनाही तेच लिहिलेलं होतं. ही सहावी आणि शेवटची खेप.

शून्य खोटं आहे हे तिला कळत होतं. पण का खोटं आहे, ते कळत नव्हतं. यंत्रातून येणाऱ्या ध्वनिलहरींचे हे ठोके नेमके दुखऱ्या जागी बसावे लागतात. तसे बसले की तिथला रक्तपुरवठा वाढतो, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि टाचेखालचा झिजलेला पट्टा हळूहळू भरून येतो. चिरफाड लागत नाही. मात्र ती जागा एक्स-रेत दिसत नाही. बधिर करायचं इंजेक्शनही देता येत नाही, कारण मग जागा दाखवणार कोण? पेशंटने कळवळून ‘इथं’ म्हणायचं आणि तिथे ठोके द्यायचे, एवढीच पद्धत.

सकाळीच डॉक्टरांनी विचारलं होतं, “पहिल्या दिवसानंतर बाकीचे पेशंट मी केले, त्यांना फरक पडला. तुझ्याकडे ही एकच होती. यंत्र तेच आहे, शुभांगी. मग चुकतंय कुठं?”

शुभांगीची सहा महिन्यांची उमेदवारी या महिन्यात संपत होती. आणि सोमवारी भागुबाईच्या टाचेचा पट्टा कापायचं ठरलं होतं. त्यानंतर काही आठवडे उभं राहायचं नाही. मखमलाबादच्या तिच्या मळ्यात झेंडू कळीवर आला होता आणि दसरा तीन आठवड्यांवर होता.

शुभांगीने एकेक शक्यता खोडून पाहिली होती. साखर नॉर्मल. टाच बधिर म्हणावी, तर कापसाचा बोळा फिरवल्यावर भागुबाई गुदगुल्या होऊन हसली होती. यंत्राचे ठोके तिने स्वतःच्या तळहातावर घेऊन बघितले होते आणि हात झटकन मागे ओढला होता. सगळं ठीक होतं. फक्त या खोलीत आलं की भागुबाईची टाच दुखायची थांबत होती.

“ताई, खोटं बोलतीय ती,” भिंतीला टेकलेला कुंदन म्हणाला. तो भागुबाईचा मुलगा. “सकाळी मोरीपर्यंत भिंत धरून जाती. पाय टेकला की आईला हाका मारती.”

“गप रे. तुला कुणी विचारलंय?”

शुभांगीला वाटलं, हेच असेल. मुलासमोर बाई दुखणं कबूल करत नसेल.

“दादा, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“मला भिऊन सांगत नाय, असं वाटतंय व्हय तुम्हाला?” कुंदन हसला. “अख्खा फुलबाजार हिला भितो, ताई!” पण तो गेला.

“आता सांगा मावशी. दुखतंय?”

“नाय म्हटलं ना.”

पडद्यावर ठोक्यांचा आकडा सरकत होता. अकराशे. दोन हजारांतले नऊशे उरले. शुभांगीने यंत्र बंद केलं आणि ती स्टुलावर बसली.

“मावशी, आज जागा सापडली नाही तर सोमवारी कापणार आहेत.”

“कापू दे. पाय माझाय.”

“आणि झेंडू?”

भागुबाईचे डोळे दारावर होते. तिने विचारलं, “डॉक्टर कुठं हाय?”

“वर, ऑपरेशनमध्ये. दोन तास तरी खाली येत नाहीत.”

“खरं?”

“खरं.”

“हितला आवाज वर जातो का?”

“नाही जात. का?”

“मग दार लाव. कडी घाल.”

शुभांगीने कडी घातली. यंत्र सुरू केलं. भागुबाईने उशी छातीशी घट्ट धरली.

“आतल्या अंगाला घे. अजून. आता जरा खाली. अजून थोडं... हां! आई आई गं, मेले!”

शुभांगीने दचकून हात उचलला.

“उचलू नको! तिथंच हाय ते. सहा येळा सगळीकडं फिरलीस, नेमकी हितं नाय आलीस.”

तिने यंत्राचं तोंड पुन्हा टेकवलं. टक्, टक्, टक्, टक्. भागुबाई मोकळ्या गळ्याने ओरडत होती. तिच्या पिंढऱ्या थरथरत होत्या, पण टाच जागची हलली नाही. शुभांगीने तक्त्यातलं शून्य खोडलं आणि तिथे आठ लिहिलं.

“अहो, मग इतके दिवस का नाही सांगितलंत?”

“पहिल्या दिवशी माझ्या आधीची बाई ओरडली, तवा डॉक्टर तुला काय बोलले? मी भायेर बाकावरच होते की. ‘परत कुणी ओरडलं तर उद्यापासून येऊ नको.’” भागुबाईने डोळे मिटून दोन ठोके सोसले. “म्हटलं, माझ्या टाचेपायी ही पोर कशाला घरी बसवायची?”