वाटलेली गाणी

"फुकट देतेय तर घे की गं," शेजारची बुरुल फोन पुढे करत म्हणाली. "सातही गाणी आहेत यात. नवऱ्याच्याच गाण्यांना पैसे मोजणारी बाई अख्ख्या नारिन गावात तू एकटीच."

"मला फुकटचं नको," बेरमेत म्हणाली.

"नवव्या महिन्यात बायका आंबट मागतात. हिला पावती हवी."

बेरमेत हसली. चुलीशी बसलेल्या सासूने, सोनुनने, मात्र बुरुलकडे असं पाहिलं की तिने फोन खिशात घातला आणि थंडीच्या गप्पा काढल्या. एरवी बुरुलचं तोंड कुणाच्या बापाच्यानं बंद व्हायचं नाही. हल्ली ती लवकर गप्प बसायची.

फुकटचं बेरमेतला एकदाच भोवलं होतं, ते जन्माला पुरलं. नणंदेच्या लग्नात पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मोठ्या घरच्या सुना कापडं देतात, रुमाल देतात. हिचं माहेर गरीब. तिला वाटलं, नवऱ्याच्या आवाजाहून मोठा आहेर कुठला? कुबातने दोन वर्षं खपून सात गाणी तयार केली होती, वसंतात विकायला काढणार होता. हिने त्याला न विचारता ती दीडशे पाहुण्यांच्या फोनवर उतरवून दिली, कौतुकाने. दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक गाडीत नि प्रत्येक दुकानात कुबात गात होता. ज्याने गाण्यांवर पैसे लावायचं कबूल केलं होतं, त्याने हात वर केले.

"माझ्या तोंडचा घास काढून गावाला वाटलास," एवढंच कुबात म्हणाला. आठवड्याने तो रशियात बांधकामावर गेला. बायकोच्या हातची एकच वस्तू त्याच्याबरोबर गेली: फोनचं लोकरीचं कव्हर, लाल, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढलेलं. तेही काढून ठेवायचं विसरला म्हणून.

जाण्याआधी त्याने गाणी विक्रीला ठेवली होती. आता कोण घेणार? दर शुक्रवारी बेरमेत एक घ्यायची. सात संपली की पुन्हा पहिल्यापासून. विकत घेणाऱ्याचं नाव त्याच्या फोनवर जायचं, सोबत एखादी ओळ लिहिता यायची, त्यालाही उलट लिहिता यायचं. फुकटच्या गाण्यात ही सोय नव्हती. तो आईशी फोनवर बोलायचा, बायकोचं नाव काढायचा नाही. पाच महिने तिने 'चुकले' लिहिलं आणि पाच महिने उत्तर आलं नाही. आपण मेलो तर सगळेच सुटतील असं तिला वाटायचं. पोटातला जीव हलला की तो विचार ती तेवढ्यापुरता मागे सारायची.

तीन आठवड्यांपूर्वी पहिलं उत्तर आलं. 'मिळालं. जिवाला जप.' नव्या कामाच्या जागी फोन लागत नाही, ओळ तेवढी लिहिता येते, असं सोनुन म्हणाली.

त्याच आठवड्यात घरचे सगळे आत-बाशी नावाच्या गावी मातीला जाऊन आले होते. सासऱ्यांचा कुणी दूरचा पुतण्या परदेशात परांचीवरून पडून गेला होता. गरोदर बाईला मातीला नेत नाहीत, तिच्यापुढे गेलेल्याचं नावही काढत नाहीत, म्हणून तिने कोण ते विचारलं नाही. सोनुन परतली ती सुजलेले डोळे घेऊन, आणि काळा रुमाल तिने अजून उतरवला नव्हता. घरात दुखवटा नि आपलं मन मात्र नाचतंय, याची बेरमेतला फार लाज वाटली.

पण पुढच्या दोन्ही शुक्रवारी तीच ओळ आली. जिवाला जप. माफीचा शब्द नाही. परक्या बाईलाही माणूस एवढं म्हणतो, या विचाराने ती पुन्हा खचली.

बुरुल गेली आणि सासरा ओस्मोन आत आला. बेरमेतने रीतीप्रमाणे अर्धा पेला चहा भरून त्याच्यापुढे ठेवला. मग गाणं विकत घेतलं आणि खूप वेळ काहीतरी लिहीत बसली.

"अताके," ती सासऱ्याला म्हणाली, "आज मी त्याला सरळ विचारलंय."

"काय?"

"मला माफ केलंस का म्हणून. नसेल केलं तर तसं लिही, पण खोटं लिहू नकोस, असंही लिहिलंय."

ओस्मोनने पेला खाली ठेवला. "कशाला विचारायचं असलं काही, पोरी? पुरुषाच्या जातीला असलं लिहिता येत नाही."

"बाळंतपणात माझं काय होईल कुणाला ठाऊक. त्याआधी मला कळायला हवं."

सोनुन उठली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

"घोडीला बघून येतो," ओस्मोन म्हणाला. घोडीही याच महिन्यात विणार होती, त्यामुळे हल्ली तो दिवसातून दहादा तबेल्यात जायचा. पेल्यातला चहा तसाच राहिला.

एरवी चहा निवायच्या आत उत्तर यायचं. आज चहावर साय धरली तरी फोन गप्प होता. लिहिणार नाही तो, बेरमेतच्या मनात आलं. नाही म्हणायलासुद्धा लिहिणार नाही. तिने फोन पालथा घातला आणि पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली.

तेवढ्यात फोन थरथरला.

'केव्हाच केलं. माझंच चुकलं. गाणी वाटण्यासाठीच असतात.'

तिने ते तीनदा वाचलं. मग सासूला हाक मारली, पण सोनुनने वळून पाहिलं नाही. बेरमेतला धीर धरवेना. पोट सावरत, पायांत काही न घालता, ती अंगण ओलांडून तबेल्याकडे निघाली. आधी अताकेंना सांगायचं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. घोडी शांतपणे गवत चघळत होती. तिच्यापलीकडे ओस्मोन उपड्या बादलीवर बसला होता, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला. त्याचे खांदे हलत होते. दोन्ही हातांत त्याने एक फोन घट्ट धरला होता, लाल लोकरीच्या कव्हरातला, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढलेला.