मुनीरभाईंच्या नावावर

"सातही लिहिणार?" जहूरने विचारलं.

"सातही," मुनीरभाई म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

हमरियातल्या त्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल हेच ऑफिस होतं. टेबलावर ओमानच्या नागरिकत्वाचा अर्ज होता आणि शेजारी मुनीरभाईंच्या लायसनवर लागलेल्या सात ट्रॅफिक दंडांची सरकारी यादी. दंडाला इथे सगळे मुखालफा म्हणतात. अरबीत म्हटलं की जरा कमी लागतो.

अर्जातल्या एकाच रकान्याने घोळ घातला होता. आजवर कोणताही नियम मोडला आहे का?

"पार्किंग, स्पीड असलं बारीकसारीक कोण लिहितं?" जहूर म्हणाला. तो शेजारी राहायचा, एसी दुरुस्त करायचा आणि सल्ले फुकट द्यायचा. "दंड भरला, खलास. आपल्या हातानं कशाला खाजवून खरूज काढायची?"

"खरं ते लिवा," शहनाज आतून म्हणाली. बांगडे तळताना तिचं लक्ष नवऱ्याकडे असायचं.

"नावावर आहे ते लिहितो," मुनीरभाई म्हणाले.

डिसेंबरात त्यांना साठ पुरी होणार होती. त्यानंतर व्हिसा वाढणार नाही, असं ते ज्यांच्या दुकानात कारकून होते त्या ताबिशशेठनी सांगून ठेवलं होतं. राजापूरचं घर भावांनी केव्हाच वाटून घेतलं होतं. इथे मात्र एकुलती मुलगी नौशीन मागच्याच गल्लीत नांदत होती. तिचा झैन रोज संध्याकाळी येऊन आजोबांच्या चपला घालून घरभर फिरायचा. अर्ज मंजूर झाला तर झैन. नाही तर राजापूर आणि व्हिडिओ कॉल.

जहूरने यादी उचलली. "सीबच्या रस्त्याला एकशे अठ्ठेचाळीस? तुम्ही? लिफ्टमध्ये कठडा धरून उभे राहता की हो."

"वय होतं तेव्हा."

"आणि हा बर्क्याचा, शुक्रवारचा. शुक्रवारी तर दुकान बंद."

"काम होतं."

"गाडी चालवताना फोन. कुणाशी बोलत होता? भाभी ऐकतायत."

"माझ्याशी तर नाय," शहनाज म्हणाली. "माझा फोन हे दुसऱ्या दिवशी उचलतात."

मुनीरभाई हसले. एकेक तारीख, जागा, गाडीचा नंबर वळणदार अक्षरात उतरवत राहिले. नंबर सातही वेळा एकच, दुकानाची पांढरी लँडक्रूझर.

अर्ज भरण्यात त्यांचा हातखंडा होता. ताबिशशेठ मूळचे श्रीवर्धनचे, नळ-पाइपांचे व्यापारी. ते नागरिक झाले तेव्हा त्यांचाही अर्ज मुनीरभाईंनीच भरला होता. या रकान्यापाशी तेव्हा पाच सेकंदही लागले नव्हते. शेठचं रेकॉर्ड कोरं होतं. मंजुरी आली त्या दिवशी मुनीरभाईंनी अख्ख्या हमरियात हलवा वाटला आणि रात्री शेठनी आपल्या बर्क्याच्या फार्मवर दोन बकरे कापले.

"तुझ्या वेळी मी आहे ना, मुनीर," शेठ तेव्हा म्हणाले होते. "इन्शाल्ला."

शेठ नोकरांची काळजी घेत. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत. मुनीरभाईंचं लायसनही तिथेच असे. पंचवीस वर्षांपूर्वी अकराव्या खेपेला मिळालेलं ते लायसन हरवू नये म्हणून शेठनी त्याच आठवड्यात मागून घेतलं होतं.

चार महिन्यांनी नागरिकत्वाच्या कार्यालयातून बोलावणं आलं. जहूरने आपल्या गाडीतून नेलं. प्रत्येक वळणाला मुनीरभाई दाराचं हँडल धरत होते.

"स्वतः दीडशेनं हाणायचात, आणि माझ्या साठाला घाबरता," जहूर म्हणाला.

अधिकारी तरुण होता, अदबीचा. त्याने आधी छोट्या कपात काहवा, तिथली कॉफी, दिली. मुनीरभाईंचं अरबी ऐकून खूश झाला. मग फाइल उघडली.

"सात किरकोळ मुखालफा, आणि आपणहून लिहिलेत. इतकं कुणी लिहीत नाही, चाचा. यावरून मी कुणाला नाकारलं नसतं."

नसतं, हे मुनीरभाईंना नीट ऐकू आलं.

"पण गाडी तुमच्या मालकाच्या नावावर. म्हणून आम्ही त्यांना कळवून विचारलं, चालवत कोण होतं?"

त्याने एक कागद फिरवून पुढे सरकवला. खाली शेठची सही होती. शिक्का मुनीरभाईंच्याच ड्रॉवरमधला होता, रोज सकाळी ते ज्याची शाई बघत तो.

'मुनीर प्रामाणिक आहे,' शेठनी लिहिलं होतं, 'पण गाडी बेफाम चालवतो. शेजारी बसून मी कितीदा समजावलं. ऐकत नाही. सातही वेळा तोच चालवत होता. त्याच्या वर्तणुकीची हमी मला घेता येणार नाही.'

"यावर तुम्हाला काही सांगायचंय?"

मुनीरभाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांची नजर रकान्याखालच्या स्वतःच्या सहीवर गेली. दिलेली माहिती सत्य आहे, असं तिच्या वर छापलेलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "शेठ म्हणतात तसंच आहे."

अधिकाऱ्याने फाइल मिटली. दारापर्यंत सोडायला आला. "जपून चालवत जा, चाचा," म्हणाला.

पार्किंगमध्ये जहूर गाडीला टेकून एका गिऱ्हाइकाशी फोनवर वाद घालत होता. मुनीरभाईंचा चेहरा त्याने पाहिला. फोन कानाला तसाच ठेवून त्याने किल्ली त्यांच्या हातात दिली.

"यल्ला मुनीरभाई, आज तुम्ही चालवा. तेवढंच मन रमेल. फक्त एकशे अठ्ठेचाळीस नको."

मुनीरभाई वळसा घालून गाडीत बसले. दार लावून घेतलं. बराच वेळ पायाखाली बघत राहिले. जहूर शेजारी येऊन बसला, फोन संपवला, पट्टा बांधला, तरी गाडी जागची हलली नव्हती.

"जहूर," मुनीरभाईंनी हळूच विचारलं, "यातला ब्रेक कुठला?"