महिन्याची प्रामाणिक चूक

मनातली भीती गेली की माणूस खरं बोलतो. घोडबंदर रोडवरच्या त्या रक्त तपासणी लॅबमधली भीती गुरुवारी दुपारी चार ते पाच या वेळेत जाणार होती. तशी नोटीस लागली होती. हजेरी सक्तीची होती.

"इथे कोणी कोणाला ओरडणार नाही," मॅनेजर सर्वेश सर म्हणाले. "आपापली चूक सांगा. बिनधास्त. आपण टाळ्या वाजवायच्या."

टान्या डिसोझा सकाळपासून जेवली नव्हती. काल तिने रक्ताच्या दोन नळ्यांची नावाची स्टिकरं अदलाबदल करून लावली होती, हे तिला आज रजिस्टर बघताना कळलं. शहाडच्या रखमाबाईंची किडनी जवळजवळ गेलेली होती, पण रिपोर्टात ती टेंभी नाक्याच्या हरिहररावांची गेली होती. दोन्ही रिपोर्ट पाचला सुटणार होते. तिने हात अर्धा वर केला.

शेजारी बसलेल्या विकीचा पूर्ण वर गेला. "सर, परवा फ्रिजचं दार उघडं राहिलेलं माझ्याकडून. अर्धा तास."

"वा रे वाघा!"

टाळ्या पडल्या. सरांनी त्याचा फोटो काढला, त्यावर 'महिन्याची प्रामाणिक चूक' असं लिहिलं आणि ग्रुपवर टाकला.

"कुठल्या ग्रुपवर, सर?" विकीने विचारलं.

"मोठ्या. हेड ऑफिसलाही कळू दे ना, आपल्याकडे किती मोकळं वातावरण आहे!"

दोन मिनिटांत विकीचा फोन वाजला. "हो मॅडम, हो मॅडम" करत तो बाहेर गेला. परत आला तो डबा घ्यायला. गळ्यात आयकार्ड नव्हतं.

सर क्षणभर त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"त्याचं बघू आपण काहीतरी. पण थांबायचं नाही. टान्या, तुझा हात वर होता ना गं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. घड्याळात पाचला सात कमी होते.

"सर, ते... एसी जरा कमी करता का?"

"बघा! हे असं बोलता आलं पाहिजे!"

परत टाळ्या. एसी कमी झाला.

पाच वाजता रखमाबाईंच्या मोबाइलवर रिपोर्ट गेला. सगळं नॉर्मल होतं.