एकही बरोबर नाही

पेनितोआला गणित सोडवायचंच नव्हतं, तरी ते सुटलं. १९.८ गुणिले ५.१. वीस पंचे शंभर. म्हणजे चार पर्यायांतले दहा आणि चोपन्न फारच लहान, हजार फारच मोठं. उरलं एकच. ते सोडून त्याने चोपन्नवर खूण केली.

फौजेच्या भरतीआधीची ही चाळणी परीक्षा. पागो पागो या बेटावरच्या गावातल्या शाळेच्या एका वर्गात तो आणि सार्जंट इओसुआ, दोघंच. बाहेर निरफणसाखाली बाबा, दोन काका आणि पाद्रीबुवा थांबले होते. रविवारी चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थनाही होऊन गेली होती. बाबांना नाही म्हणायची रीत घरात नव्हती. थोरल्या भावानेही नकार दिला नव्हता; लढाईवरून परतल्यापासून तो भिंतीला पाठ लावल्याशिवाय जेवायला बसत नसे.

नापास झालं की कुणाला काही म्हणावं लागत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाला पेनितोआ अंदाज बांधायचा, अशक्य उत्तरं मनातल्या मनात खोडायचा, बरोबर उत्तर हेरायचा आणि नेमकं तेच टाळायचा.

सार्जंटने पेपर तिथल्या तिथे तपासला. मग पुन्हा पहिल्यापासून तपासला.

"एकही बरोबर नाही."

"मला गणित जमत नाही, साहेब."

"अरे, माझ्या आजीला डोळे बांधून बसवलं असतं ना, तरी तिची चारातली एखादी खूण बरोबर लागली असती. सगळीच्या सगळी उत्तरं चुकवायला सगळी यावी लागतात."



सार्जंटने खिडकीच्या पट्ट्यांमधून बाहेर पाहिलं. तो बघतोय हे दिसताच बाबा लगबगीने उठले, कमरेला गुंडाळलेलं लावालावा वस्त्र नीट करून ताठ उभे राहिले.

"त्यांना काय सांगू? पोराला गणित येत नाही म्हणून, की सगळंच येतं म्हणून?" सार्जंटचा आवाज खाली आला. "तू म्हणशील ते सांगतो, बाळा. पण तू म्हण."

पेनितोआने तोंड उघडलं. बाहेर पाद्रीबुवा कशावर तरी हसले, पाठोपाठ काका हसले. बाबा मात्र खिडकीकडेच बघत होते.

"दुसरा पेपर द्या," तो म्हणाला.

सार्जंटने कपाट उघडलं आणि कोरा पेपर पुढे सरकवला.

पहिला प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आतच पेनितोआला उत्तर दिसलं. या वेळी त्याने त्याच्यावरच खूण केली.